शेवटचं कोण?

नोटा आणू नका. जून १९६१ च्या मॉस्कोत उतरायचं असेल तर खिशात पिवळी चिल्लर हवी, तीही एक, दोन आणि तीन कोपेकची. या वर्षीच्या १ जानेवारीला सोव्हिएत सरकारनं दहा जुन्या रुबलांचा एक नवा रुबल केला. पगार, भाव, बचतखात्यातली शिल्लक, सगळ्यांतलं एकेक शून्य गेलं. या तीन बारक्या नाण्यांना मात्र कुणी हात लावला नाही, कारण ती परत पाडायची तर नाण्याच्या किमतीपेक्षा पाडण्याचा खर्च जास्त झाला असता. त्यामुळे ज्या म्हाताऱ्यांच्या फडताळात चिल्लरची बरणी होती, त्यांची पुंजी ३१ डिसेंबरच्या रात्री झोपेतच दसपट झाली. पंचवार्षिक योजनांच्या देशात फुकट श्रीमंत व्हायची वाट निघाली ती अशी, बरणीतून.

तर चिल्लर घ्या आणि १७ जूनच्या शनिवारी सकाळी बेलोरुस्की स्टेशनासमोर उभे राहा. आठ वाजलेत, पण सूर्याला वर येऊन चार तास उलटून गेलेत. या दिवसांत इथे पावणेचारला उजाडतं आणि रात्री सव्वानऊला मावळतं, त्यामुळे तुमच्या अंगातलं घड्याळ आधीच बावचळलेलं. त्यात डोळ्यांपुढे पांढरं काहीतरी तरंगतंय. ही पॉप्लरच्या झाडांची म्हातारी. युद्धानंतर शहर लवकर हिरवं व्हावं म्हणून भराभर वाढणारी ही झाडं जागोजाग लावली, आणि आता दर जूनमध्ये ती सूड घेतात. म्हातारी नाकात जाते, केसांत बसते, फुटपाथच्या कडेला तिचे ढीग साचतात. पोरं त्या ढिगाला काडी लावतात, ज्योत भर्रकन दहा पावलं पळते आणि विझते. मग कुठून तरी एक आजी प्रकट होते आणि पोरांना फैलावर घेते. पोरं तिची कुणी नव्हेत. इथे कुठल्याही आजीला कुठल्याही पोराला रागावण्याचा अधिकार आहे, आणि थोड्या वेळात तो तुमच्यावरही बजावला जाईल. तुम्ही बाई असाल आणि दगडी कठड्यावर टेकलात, तर थंड दगडावर बसून पोटाचं वाटोळं करून घेऊ नकोस म्हणून उठवतील. वर ‘लेकी’ म्हणतील.

आता तहान. भिंतीला लागून लोखंडी कपाटाएवढी यंत्रं उभी आहेत. एका कोपेकला साधं सोडावॉटर, तीनला सरबत घातलेलं. ग्लास काचेचा, जाड, पैलूदार आणि सगळ्यांना मिळून एक. तुमच्या पुढचा माणूस पितो, ग्लास जाळीवर उपडा दाबतो, खालून पाण्याच्या चार धारा उडतात, झालं धुणं. मग तो ग्लास तुमच्यासाठी सरळ करून ठेवतो आणि मान लववून निघून जातो. आजीच्या हाताखाली वाढलेला, उष्ट्या भांड्याला न शिवणारा तुमच्यातला माणूस इथे दचकतो. वरून प्यायची आपली युक्ती करून पाहाल, तर या जाड काठाच्या ग्लासातून अर्धा सोडा छातीवर येईल. रांगेतले लोक हसणार नाहीत. फक्त थांबतील, आणि ते जास्त वाईट. तोंड लावा. पेअरच्या सरबताचा वास, गार पाणी, नाकात झिणझिण्या. आजी बघत नाही, ती अजून या काळापासून फार लांब आहे.

ग्लासाला साखळी नाही, हे निघताना लक्षात येतं. दिवसभर कुणी तो पळवत नाही. संध्याकाळी मात्र तिघं जण येतात, एकमेकांना ओळखतातच असं नाही, प्रत्येकी एकेक रुबल काढतात, २ रुबल ८७ कोपेकची अर्धा लिटर व्होडका घेतात, हा ग्लास कोटात घालून जवळच्या फाटकाआड जातात. उरलेल्या तेरा कोपेकात तोंडी लावायला काहीतरी. काम झालं की ग्लास परत आणून ठेवतात. ठेवलाच पाहिजे, उद्या त्यांनाही लागणार असतो.

मेट्रोत मी तुम्हाला नेत नाही. संगमरवर, झुंबरं, छतावरची मोझॅइक, सगळं आहे आणि सुंदर आहे, पण ते पाहुण्यांना दाखवायचं दिवाणखान्यातलं सामान. तुम्ही ट्रॉलीबसमध्ये चढा. तिकीट चार कोपेक आणि कंडक्टर नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कंडक्टर कमी करून एक पेटी बसवायला सुरुवात झालीय: पैसे टाका, तिकीट फाडून घ्या. तुम्ही मागच्या दारातून चढता, पेटी पार तिकडे, मध्ये शनिवारची गर्दी. काय करायचं? पुढच्याच्या खांद्याला हलकं बोट लावून नाणी त्याच्या हातावर ठेवायची. तो वळूनही न बघता ती पुढे देतो. टोपीवाल्याकडून पोरीकडे, पोरीकडून सैनिकाकडे, सैनिकाकडून पिशवीवाल्या बाईकडे. तुमचे चार कोपेक माणसांच्या डोक्याखालून प्रवास करत दिसेनासे होतात. तुम्ही मनातल्या मनात त्यांच्यावर पाणी सोडता. आणि दोन थांब्यांनंतर, त्याच वाटेनं, तेवढ्याच हातांतून, तुमचं तिकीट परत येतं.

कोणीतरी तुमचा चेहरा न्याहाळतं. “इंडिया?” तुम्ही मान हलवता, आणि मघाचा तो गंभीर डबा एकदम सैल होतो. “राज कपूर!” मागून एक आवाज ‘आवारा हूँ’ची चाल गुणगुणतो. ‘आवारा’ इथे १९५४ मध्ये लागला आणि त्याची सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. इतकी माणसं कुठल्याही सिनेमाला नुसत्या परराष्ट्र धोरणामुळे जात नाहीत. आठ वर्षांपूर्वीपर्यंत, स्टालिनच्या काळात, पडद्यावर दिसायचे ते बहुतेक वीर आणि ट्रॅक्टर. तिथे एक फाटक्या बुटांचा, खिसेकापू, रडणारा आणि गाणारा माणूस आला. या डब्यातल्या कितीतरी जणांनी पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखा कोणीतरी पाहिला, असं मला वाटतं. तुम्ही त्याचे देशबंधू, एवढं पुरे. एक मुलगा छातीवरचा गागारिनचा बिल्ला काढून तुमच्या शर्टाला टोचतो आणि बदल्यात काही मागत नाही. गागारिनला अंतराळातून परतून दोनच महिने झालेत.

खाली उतरल्यावर रस्त्याचं काम चालू आहे. गरम डांबराचा वास, रोलर, फावडी. फावडी बायकांच्या हातात आहेत. डोक्याला रुमाल, अंगावर खाकी जाकीट, खांदे हमालाचे. समोरच्या इमारतीच्या पाडावर गिलावा करणाऱ्या बायका. ट्रॉलीबस चालवणारीही बाईच होती, आता आठवतं. तुम्ही पुस्तकात वाचलं असेल की समाजवादानं स्त्रीला समान हक्क दिले. दिले. पण आज रस्त्यानं चालताना जरा मोजत चला: पस्तीस ते पन्नास वयाच्या बायका किती दिसतात आणि त्याच वयाचे पुरुष किती. दोन वर्षांपूर्वीच्या, १९५९ च्या शिरगणतीत या देशात पुरुषांपेक्षा बायका दोन कोटींनी जास्त निघाल्या. ज्यांनी हे डांबर ओतायचं ते पुरुष रझेवला आणि कुर्स्कला जमिनीत आहेत. जे परतले त्यांच्यातला एक त्या बाकावर बसून बुद्धिबळ खेळतोय. कोटाची डावी बाही दुमडून पिन लावलेली, उजव्या हातानं तो स्वतःची सोंगटीही हलवतो आणि प्रतिस्पर्ध्याची मारलेलीही उचलतो.

आणि एक गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. दरवर्षी ९ मेला रणगाडे, विमानं, फुलं असा विजयदिनाचा सोहळा तुम्ही टीव्हीवर पाहिलेला. या काळात तो नाही. १९४८ पासून ९ मे हा कामाचा दिवस आहे, सुट्टी परत मिळेल ती १९६५ मध्ये. महिन्याभरापूर्वी ही सगळी माणसं त्या दिवशीही कामावर गेली. युद्ध संपून सोळा वर्षं झाली आणि त्याचा गाजावाजा नाही. ते फक्त असं दुमडलेल्या बाहीत आणि रांगेतल्या बायकांच्या संख्येत दिसतं. मला ही आठवणीची तऱ्हा सोहळ्यापेक्षा अस्सल वाटते, जरी ती कुणी ठरवून निवडलेली नसली तरी.

लाल चौकात फार थांबू नका. समाधीपुढची रांग लांबवर गेली आहे, आत काचेखाली एक नाही, दोन देह आहेत. दारावरच्या लाल दगडात दोन नावं एकाखाली एक: लेनिन, स्टालिन. तुम्हाला माहीत आहे की ३१ ऑक्टोबरच्या रात्री यातला दुसरा देह गुपचूप काढून मागच्या भिंतीशी पुरतील आणि नाव झाकतील. पुढच्याच महिन्यात स्टालिनग्राडचं व्होल्गोग्राद होईल. याच वर्षी आपले अण्णाभाऊ साठे या देशात आले होते. वाटेगावहून चालत मुंबईला पोचलेला हा माणूस, ज्यानं युद्धाच्या धामधुमीत गिरणगावाला स्टालिनग्राडचा पोवाडा ऐकवला, तो अखेर त्या देशात आला, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून ठेवला, आणि त्याच वर्षी पोवाड्यातलं नाव नकाशावरून गेलं. डफावरून मात्र ते कोण पुसणार?

रांगेतल्या कुणाला हे सांगायचा मोह होतो. सांगू नका. इथे तुम्ही पहिल्यांदाच स्थानिक माणसासारखे वागता आहात: माहीत आहे, आणि बोलत नाही.

परत वर गोर्की स्ट्रीटनं चालत या. कडेनं एक तरुण तुमच्या पावलाला पाऊल जुळवतो, तोंड समोर ठेवूनच विचारतो: शर्ट विकणार? डॉलर आहेत? सरकारी भाव एका डॉलरला ९० कोपेक, हा त्याच्या कितीतरी पट देईल. नाही म्हणा आणि पुढे चला. याच उन्हाळ्यात, जुलैत, चलनाचा काळा बाजार करणाऱ्या काही तरुणांना मृत्युदंड होणार आहे, तोही गुन्ह्यानंतर बदललेल्या कायद्याखाली. हेही न सांगता पुढे चला.

‘गॅस्ट्रोनॉम नंबर १’ हे पाटीवरचं नाव. १९०१ मध्ये येलिसेयेव नावाच्या व्यापाऱ्यानं हे दुकान काढलं, क्रांतीनं ते त्याच्याकडून घेतलं, पण लोकांच्या तोंडी अजून येलिसेयेवच आहे. आत शिरलात की छत राजवाड्याचं, झुंबरं ऑपेराची आणि काउंटरवर सॉसेज. एखाद्या महालात रेशनचं दुकान निघावं तसं. खरेदी अशी करायची: पहिल्या रांगेत उभं राहून माल पाहायचा, वजन करून घ्यायचं आणि किंमत लक्षात ठेवायची. दुसरी रांग गल्ल्याची. तिथे किंमत सांगायची, पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची. तिसरी रांग परत पहिल्या काउंटरपाशी, चिठ्ठी द्यायची, माल घ्यायचा. सॉसेज, चीज आणि मासा असं तीन काउंटरचं सामान हवं असेल तर याचा गुणाकार तुम्हीच करा. गल्ल्यावरच्या बाईसमोर रोख यंत्र आहे, पण हिशोब ती लाकडी चौकटीत तारांवर ओवलेल्या मण्यांवर करते, बोटं दिसत नाहीत इतक्या वेगानं, आणि मग तो आकडा यंत्रात टाकते. यंत्रावर तिचा विश्वास नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण एवढ्या रांगा माणसं सोसतात कशी, तर त्यांना एक घटना आहे, अलिखित. आल्या आल्या विचारायचं: “शेवटचं कोण?” एका बाईचा हात वर होतो. आता तुम्ही तिच्या मागे. तुमच्यामागे कुणी आलं की तुम्ही शेवटचे राहत नाही, आणि त्या क्षणापासून तुम्हाला रांग सोडून जायची मुभा आहे. पुढच्या बाईला सांगा, मागच्याला सांगा, आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहा. तुमची जागा दोन अनोळखी माणसांच्या स्मरणात सुरक्षित असते. एकेक जण असा तीन-चार रांगांत एकाच वेळी ‘असतो’. आलात की मधली माणसं सरकून जागा देतात, आणि कुणी घुसखोर म्हणून ओरडलंच तर तीच पुढची बाई तुमच्या बाजूनं अशी भांडते, जणू तुम्ही तिच्या सख्ख्या बहिणीचं लेकरू. दुकानात आत शिरणारा प्रत्येक माणूस आधी रांग पाहतो, नंबर लावतो आणि मग विचारतो, काय मिळतंय? म्हणून तर प्रत्येकाच्या खिशात चुरगळून ठेवलेली जाळीची पिशवी असते. नशिबानं काही मिळालं तर.

मॉस्कोत नशीब बरं आहे, हेही लक्षात घ्या. बाहेरगावचे लोक आगगाडीनं इथे सामान न्यायला येतात. पुढच्या जूनमध्ये मांस आणि लोण्याचे भाव वाढतील, नोव्होचेरकास्क गावातले कामगार रस्त्यावर उतरतील आणि त्यांच्यावर गोळ्या चालतील. पंचवीस वर्षं तरी त्याची बातमी इथे छापून येणार नाही.

तुमच्यासाठी जी भांडली, ती पन्नाशीला टेकलेली बाई तुम्हाला चहाला बोलावते. इंडियातून आलेलं माणूस रोज भेटत नाही. जाताना फुलं घ्या, पण मोजून, तीन किंवा पाच. सम संख्येतली फुलं इथे मयतीला नेतात. मागच्या गल्लीत जुनी चार मजली इमारत, क्रांतीच्या आधी एखाद्या वकील-डॉक्टरचा ऐसपैस फ्लॅट असावा. दारावर एकच घंटा आणि खाली कागद: अमक्यांसाठी एकदा, तमक्यांसाठी दोनदा, असं सहापर्यंत. आपल्या बाईंची तीनदा. त्या दारात उभ्या, तुम्ही उंबऱ्याबाहेरून हात पुढे करता तर त्या हात मागे घेतात. उंबऱ्यावरून हात मिळवला तर भांडण होतं. आत या, चपला काढा, घरातल्या सपाता घाला. हे शेवटचं तुम्हाला शिकवावं लागत नाही, आणि त्यांना त्याचंच कौतुक वाटतं.

सहा खोल्या, सहा कुटुंबं, एक स्वयंपाकघर, एक न्हाणी, एक संडास. तुम्ही गिरगावात किंवा परळला चाळीत वाढला असाल तर वाटेल, हे तर आपलंच. थांबा. चाळीत दारं दिवसभर उघडी असतात, इथे सहाही बंद. स्वयंपाकघरात सहा टेबलं आणि छताला सहा दिवे, सहा बटणं, सहा मीटर. प्रत्येक जण आपापला दिवा लावून भाजी चिरतो, दुसऱ्याच्या उजेडात नाही. संडासाच्या भिंतीवर खिळ्यांना लाकडी बैठका टांगलेल्या, ज्याची त्याला. रस्त्यावर अनोळखी माणसाचा ग्लास तोंडाला लावणारी, गाडीत त्याचे पैसे हातोहात पुढे करणारी हीच माणसं घरात बल्बसुद्धा वेगळा ठेवतात. हा विरोधाभास मला बराच वेळ सुटत नव्हता. मग वाटलं, यात विरोध नाहीच. ग्लासवाला माणूस तुम्हाला परत भेटणार नाही. शेजारी रोज भेटतो, त्याला तुमच्या पाहुण्यांचा, पत्रांचा, घंटांचा हिशोब ठाऊक असतो, आणि ज्या वर्षांतून ही माणसं आलीत त्या वर्षांत कुणाच्या तरी खोलीवर डोळा ठेवून शेजाऱ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

म्हणून स्वयंपाकघरात बाई मोठ्यानं राज कपूरबद्दल बोलतात, नर्गिसच्या डोळ्यांबद्दल, नेहरूंबद्दल. किटली उकळते. मग तुम्ही खोलीत येता, दार लागतं, आणि त्या भिंतीवरच्या रेडिओचं बटण वर करतात. हा रेडिओ म्हणजे तारेवरचा कर्णा, त्याला एकच बटण. आवाज कमी-जास्त करता येतो, स्टेशन बदलता येत नाही. सकाळी सहाला तो राष्ट्रगीतानं सुरू होतो आणि राष्ट्रगीताला शब्द नाहीत. होते, त्यांत स्टालिनचं नाव होतं, आणि गेली पाच वर्षं नुसती चाल वाजते. नवे शब्द १९७७ मध्ये येतील. तोवर या अवाढव्य देशाचं राष्ट्रगीत ही गुणगुणायची गोष्ट.

कर्ण्यातून वाद्यवृंद चालू असताना बाई छोट्या चहाच्या भांड्यातून कडक अर्क ओततात, वर किटलीतलं पाणी, बशीत चेरीचा मुरांबा. मुरांबा चहात घालू नका, चमच्यानं खायचा आणि वर घोट घ्यायचा. नवरा १९४३ मध्ये गेला, हे त्या साध्या आवाजात सांगतात. भावाबद्दल सांगताना आवाज रेडिओच्या खाली जातो. त्याला नेलं, आणि १९५६ मध्ये तो परत आला, दात गेलेले, हातात अर्ध्या पानाचा कागद: गुन्हा शाबीत नसल्याने खटला रद्द. तो कागद त्यांनी ताटल्यांच्या कपाटात ठेवलाय. दाखवत नाहीत, फक्त कपाटाकडे बघतात.

मग आवाज वर येतो. पुढच्या वर्षी त्यांना नवीन घर मिळणार आहे, चेऱ्योमुश्कीच्या बाजूला! पाच मजले, लिफ्ट नाही, छत हाताला लागेल इतकं खाली, स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर जायचं. पण दाराला एकच घंटा. या वस्त्यांवर शोस्ताकोविचनं एक ऑपेरेटासुद्धा लिहिलाय, दोन वर्षांपूर्वी रंगमंचावर आला. पुढे वास्तुकलेची पुस्तकं या पाचमजली खोक्यांची भरपूर टिंगल करतील. ज्यांनी कधी सहा मीटरखाली भाजी चिरली नाही त्यांनी खुशाल करावी. आपलं दार बंद करून हळू न बोलता बोलता येणं, ही यांच्या आयुष्यातली केवढी मोठी क्रांती आहे, ते या खोलीत बसल्यावर कळतं. मांजर आधी घरात सोडायची आणि मग आपण जायचं, असं बाई सांगतात. त्यांच्याकडे मांजर नाही. ती उसनी आणायची आहे.

आणि मग परदेशी माणसाला इथे प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न: तुमच्याकडे काय म्हणतात, युद्ध होईल का हो?

दिवसभर तुम्ही गिळलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच सांगण्याजोगी आहे. क्यूबापाशी वर्षा-सव्वा वर्षात जग कडेलोटाला येईल आणि मागे फिरेल, हे तुम्हाला माहीत आहे. “नाही होणार,” तुम्ही म्हणता, ठामपणे. बाई हसतात, बशीत आणखी मुरांबा वाढतात. पाहुणा सभ्य आहे एवढंच त्यांना कळतं.

संध्याकाळचे आठ. ऊन अजून तिरपं, पिवळं. मायाकोव्हस्की चौकात कवीचा पुतळा १९५८ मध्ये बसवला, त्या दिवसापासून तिथे एक रीत पडलीय: शनिवार-रविवारी संध्याकाळी तरुण मुलं पायथ्याशी जमतात आणि कविता म्हणतात. आधी छापलेल्या, मग न छापलेल्या, मग ज्यांचे कवी हयात नाहीत आणि का नाहीत हे विचारायचं नसतं अशांच्या. आज शंभरेक जण आहेत. कडेला दंडावर लाल पट्टी बांधलेले स्वयंसेवक, शिस्त राखायला म्हणून. येत्या शरद ऋतूत हे मेळावे मोडून काढतील आणि यातल्या काही मुलांना पकडून नेतील. आज मात्र एक किडकिडीत मुलगा डोळे मिटून, हातात कागद नसताना, न थांबता म्हणतोय. कागद नसणं ही इथली खबरदारी आहे. कवयित्री आख्मातोवांची ‘रेक्विएम’ अजूनही मोजक्या विश्वासू माणसांच्या डोक्यातच आहे. त्या लिहायच्या, मैत्रीण वाचून पाठ करायची, आणि मग राखदाणीत कागद जळायचा.

तुमच्याजवळ एक मुलगी येते. मॉस्को विद्यापीठात हिंदी शिकतेय, व्याकरण पुस्तकातलं, पक्कं, प्रत्येक ‘है’ जागेवर. “आप भी कुछ सुनाइए।” तुम्ही हिंदी नव्हे, मराठी बोलता असं सांगता. तिला फरक ठाऊक आहे आणि ती आणखी खूश होते. गर्दी वाट करून देते. जे पाठ आहे तेच सुचतं, शाळेत, वारीत, आजोबांच्या भजनात ऐकलेला तुकोबांचा एक अभंग. तुम्ही चालीवर म्हणता, कारण चालीशिवाय तो येतच नाही. एकही शब्द न कळता ती मुलं ऐकतात, मान हलवतात, शेवटी एका ठेक्यात टाळ्या देतात.

प्रश्न सुरू होतात, मुलगी दुभाष्या. कधीचा कवी? सतराव्या शतकातला. व्यवसाय? वाणी, किराणा दुकान होतं. छापलं कुणी? छापणं कुठलं, उलट वह्या नदीत बुडवायला लावल्या असं सांगतात. हा अधिकार तुला नाही, म्हणाले. इंद्रायणी नावाची नदी आहे. ती हे रशियनमध्ये सांगते आणि एक क्षण कुणी काही बोलत नाही. मग तो किडकिडीत मुलगा विचारतो, “आणि तरी तुम्हाला ही कविता कशी येते?”

“तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असं भाविक म्हणतात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“लोकांना पाठ होत्या.”

लाल पट्टीवाला पुढे येतो, परदेशी पाहुणा काय सांगतोय ते त्याला हवंय. तीन जण एकदम उत्तर देतात: इंडियातला एक वाणी आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, नदीबद्दल बोलतोय. तो खिशातून वही काढतो, ‘नदी’ एवढं लिहितो आणि मागे सरकतो. मुलगी तुमच्या शर्टाची बाही ओढते. पहिली ओळ परत म्हणा, ती सांगते, आणि या वेळी हळू.